स्टाफरूममध्ये चिकाचा हलवा

ठाण्याच्या एका बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यू, कुटुंबातल्या आईचं पत्र आलं आहे. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत, दोघं एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, जवळ आलं की घरी सासूबाई चिकाचा हलवा करतात आणि तो शेजारीपाजारी जातो. गेल्या वर्षी या आईने दोन्ही मुलांच्या वर्गशिक्षिकांना त्याचे छोटे डबे पाठवले. मुलगा तेव्हा सीनियर केजीत होता. त्याच्या टीचरने दुसऱ्या दिवशी रेसिपी विचारली. मुलीच्या टीचरने 'थँक्यू' म्हणून डबा घेतला आणि न उघडताच शाळेतल्या मावशींना देऊन टाकला. मुलीने ते पाहिलं. त्यातच वर्गात कुणी तरी विचारलं, 'म्हणजे तुम्ही मुस्लीम का ख्रिश्चन?' तेव्हापासून तिचं एकच, 'आई, पुन्हा काही पाठवायचं नाही.' नवऱ्याचं म्हणणं, हल्लीच्या दिवसांत आपण कोण ते सांगत कशाला फिरायचं? एका मैत्रिणीने सुचवलंय, दिवाळीत सगळे देतात तेव्हा ड्रायफ्रूटचा बॉक्स देऊन मोकळी हो. सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही. आईचे प्रश्न असे: यंदा हलवा पाठवू का? पाठवला तर चिठ्ठीत काय लिहू? मुलीची समजूत कशी घालू? आणि पुरीम या आमच्या दुसऱ्या सणालाही शाळेत काही पाठवावं का?

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. २०२५ साली रोश हशाना लागला २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी. त्याच दिवशी सकाळी घटस्थापना होती. तुमच्या ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीसाठी रस्ते बंद होते आणि निम्म्या गावाला उपास होता. नऊ दिवस धान्याचा कण तोंडात न घालणाऱ्या बायका मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. डब्यात वरई, नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, फार तर उकडलेलं रताळं. अशा बाईच्या हातात गव्हाच्या चिकाचा हलवा पडला तर ती झाकण उघडणारच नाही, उघडलं की खावासा वाटेल म्हणून. बरं, नारळाच्या दुधातल्या वड्या दसऱ्यापर्यंत टिकायच्या नाहीत. मग ती काय करेल? ज्याला चालतं त्याला देईल.

तुमच्या मुलीच्या टीचरचं कारण हेच होतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांना शुगर असेल. 'चिकाचा' म्हटल्यावर गाईच्या चिकाचा खरवस समजल्या असतील आणि तो त्यांना आवडत नसेल. किंवा खरंच परक्या घरचं खायची त्यांची तयारी नसेल. अशीही माणसं असतात, शिक्षकांतही असतात. पण यातलं नेमकं काय, ते तुम्हाला माहीत नाही आणि मुलीलाही नाही. तिने पाहिलं ते इतकंच की डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पुढचा अर्थ घरी येऊन लावला गेला.

आणि डबा मावशींकडे गेला याचं वाईट का वाटावं? सगळ्यांच्या आधी शाळेत येणारी, पोरांच्या उलट्या पुसणारी, बुटांच्या नाड्या बांधणारी ती बाई. माझं विचाराल तर तिचं नाव यादीत पहिल्यापासूनच हवं होतं. आणखी एक सांगते, रागवू नका. सीनियर केजीच्या टीचरने रेसिपी मागितली हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि न उघडलेल्या डब्यावर दीड पान लिहिलंत.

मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, तेव्हा टेबलाच्या पलीकडचंही थोडं सांगते. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक वर्गशिक्षिकेच्या टेबलावर बॉक्सची चळत लागते. सोनपापडी, ड्रायफ्रूट, पुन्हा सोनपापडी. घरी नेईपर्यंत कुठला कोणाचा हे कुणालाच आठवत नाही. त्यातले दोन नणंदेकडे जातात, एक सोसायटीच्या वॉचमनला, आणि एखादा फिरत फिरत पुढच्या वर्षी ओळखीच्या रिबिनीसकट परत येतो. तुमच्या मैत्रिणीचा सल्ला सोयीचा आहे, वाईट मुळीच नाही. ज्याला फक्त रीत पाळायची आहे त्याने बेलाशक तसं करावं. पण तुम्हाला टीचरचे आभार मानायचे असतील, तर त्या चळतीत अजून एक बॉक्स ठेवून ते पोचत नाहीत. आणि दिवाळी हा तुमच्या घरचा सण नसताना त्या निमित्ताने द्यायचं, तेही आपण कोण ते कळू नये म्हणून, यात सासूबाईंना जे टोचतंय ते मला समजतं. शेजाऱ्याच्या सणाला शेजाऱ्याला गोड देणं वेगळं आणि स्वतःच्या सणाचं गोड दुसऱ्याच्या सणात लपवणं वेगळं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्या छोट्याशा डब्याकडून तुम्ही तीन कामांची अपेक्षा ठेवली होती, असं पत्र वाचून वाटतं. टीचरचे आभार पोचावेत, आपला समाज कोण हे शाळेला कळावं, आणि लेकीला आपल्या घरचा अभिमान वाटावा. पहिलं काम चार वड्या करू शकतात. उरलेली दोन त्यांना झेपणारी नाहीत. म्हणूनच डबा न उघडता पुढे गेला तेव्हा एक खाऊ वाया गेला एवढंच न वाटता, आपल्यालाच कुणी तरी बाजूला सारलं असं तुम्हा दोघींना वाटलं. ही तीन कामं वेगळी करा. हलवा फक्त आभारांचा. ओळख करून द्यायची ती कुणी विचारलं तर आणि तेव्हा. मुलीचा प्रश्न घरात, तिच्याशी बोलून.

यजमानांची काळजी मी उडवून लावणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत नरिमन हाउसवर, तिथल्या ज्यू केंद्रावर, काय झालं हे तुमच्या घरात कुणाला सांगायला नको. नंतरच्या वर्षांत सिनेगॉगच्या दारात पोलीस दिसू लागले, तेही तुम्ही पाहिलंय. इस्रायलकडे काही घडलं की इथे आपल्याकडे लोक कसं बघतील, हा विचार तुमच्या समाजातल्या माणसाच्या मनात येणं साहजिक आहे. पण त्यांना एक गोष्ट शांतपणे दाखवून द्या. तुम्ही कोण आहात हे शाळेला प्रवेशाच्या दिवसापासून माहीत आहे. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्माचा रकाना असतो, दाखल्यावरही तो उतरतो. शिवाय २०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा तुमच्या मुलांची नोंद त्या यादीतही असेल. हलव्याने टीचरना नवं काहीच कळणार नाही. त्यांच्या भीतीला खरी जागा आहे ती फोटोत. डब्याचा आणि मुलांचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला नको, हे त्यांचं म्हणणं असेल तर ते रास्त आहे आणि ते ऐकावं. टीचरना देणं आणि दोनशे अनोळखी फोनवर पाठवणं या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र झाल्या असतील.

शाळा आणि तुमचा समाज यांचं नातं तसं जुनं आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथे शिकणारी मुलं बहुतेक इतर धर्मांची, त्यात मुस्लीम पुष्कळ. रेबेका रूबेन यांनी तिथे वर्षानुवर्षं मुख्याध्यापिकेचं काम केलं. यजमानांना पटवायला हे सांगा असं नाही. मलाच राहवलं नाही म्हणून लिहिलं.

मुलीचं मात्र सावकाश घ्यायला हवं. सातवीतली पोर. या वयात मुलांना आईने शाळेत काहीही पाठवलेलं नको असतं. पुरणपोळी नको, तिळगूळ नको, आईने स्वतः गेटपाशी येणं तर अजिबातच नको. तेव्हा तिच्या 'नको'चा किती भाग ज्यू असण्याचा आणि किती बारा वर्षांचं असण्याचा, हे आधी बघा. 'तुम्ही मुस्लीम का ख्रिश्चन' हा प्रश्न तिला नेमका कसा विचारला गेला? हसून, की टोचून? एकाने, की घोळक्याने? तिने काय उत्तर दिलं? माझा अंदाज, तिच्याकडे उत्तरच तयार नव्हतं आणि तिला लाज वाटली ती त्याची. मुलांना घरात सगळं माहीत असतं, पण मधल्या सुट्टीत दोन वाक्यांत सांगता येत नाही. ती दोन वाक्यं तिच्याबरोबर बसून तयार करा. 'आम्ही ज्यू, बेने इस्रायल. मूळचे कोकणातले.' बास. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे आणि शनिवारची सुट्टी म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, हे सगळं रंगवून सांगण्यासारखं आहे, पण मधल्या सुट्टीत नाही. पुढे कुणी आपणहून विचारलं तर आडनाव उपयोगी पडतं. तुमच्याकडची बरीच आडनावं गावावरून आलेली, शेवटी 'कर' असलेली. समोरचा पोरगाही कुठला तरी 'कर' असतो, मग बोलणं आपोआप गावाकडे वळतं.

आणि डबा तिच्या हातून पाठवू नका. तिने साफ नको म्हटलंय, ते पाळा. तिच्या वर्गाचं काय करायचं हे तिला ठरवू द्या. धाकट्याला हौस असेल तर तो आनंदाने नेईल. तिच्या शिक्षकांना तुम्ही परस्पर द्या, किंवा यंदा तिच्या वर्गाला सुट्टी द्या. एक वर्ष एका टीचरला हलवा गेला नाही तर तुमच्या घरची परंपरा बुडत नाही. 'आपल्या सणाची लाज वाटते का तुला?' हे वाक्य मात्र रागाच्या भरातही तिच्यासमोर काढू नका.

आता देण्याच्या बाजूचं. शाळेत भेटवस्तू घ्यायला बंदी आहे का, हे आधी ऑफिसात विचारा. पुष्कळ शाळा हल्ली वर्षाच्या सुरुवातीलाच तसं परिपत्रक काढतात. बंदी असेल तर विषय संपला. टीचरना अडचणीत टाकणारं गोड कुणाला हवंय? बंदी नसली तरी परीक्षेच्या आणि निकालाच्या आसपास काही देऊ नये आणि एकाच शिक्षिकेला देऊ नये. सातवीत विषयाविषयाला वेगळे शिक्षक असतात. आठ डबे आठ दिशांना पाठवण्यापेक्षा स्टाफरूमसाठी एकच मोठा बॉक्स द्या. त्यात कुणी किती खाल्लं, कुणी खाल्लं नाही, कुणाचा उपास होता, हे कुणालाही दिसत नाही. न खाणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. गेल्या वर्षीचा पेच यानेच टळला असता. पहिलीत मात्र वर्गशिक्षिका आणि मावशी, दोघींना वेगवेगळे छोटे बॉक्स द्या आणि दोघींच्या बॉक्समध्ये सारख्याच वड्या ठेवा.

स्टीलचा डबा देऊ नका. आपल्याकडे रिकामा डबा परत करायची पद्धत नाही. टीचर बिचारी त्यात काय घालून पाठवू या विचारात पडते. तुमच्या घरी कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे ज्यू नियम, पाळत असाल तर तिने प्रेमाने भरून पाठवलेलं तुम्हाला चालेल का, हा आणखी एक पेच. मिठाईवाल्याकडे मिळतो तसा कागदी बॉक्स आणा, आत बटर पेपर घाला. परत यायलाच नको.

तारखा बघा, कारण यंदाची गंमत वेगळी आहे. तुमचं पंचांग आणि आमचं, दोन्ही चांद्रमासाचं, दोन्हीत अधूनमधून जादा महिना पडतो, पण एकाच वर्षी पडेल असं नाही. यंदा आमच्याकडे अधिक ज्येष्ठ होऊन गेला, त्यामुळे नवरात्र लांबलंय आणि रोश हशाना थेट गणपतीच्या तोंडावर आलाय. शुक्रवारी ११ सप्टेंबरला संध्याकाळी सण लागतो, शनिवार-रविवार सण, आणि सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी. म्हणजे तुमचे दोन दिवस आणि शाळेची सुट्टी एकाला एक जोडून. त्यानंतर शाळा पुन्हा नीट भरेपर्यंत हलवा थांबणार नाही, आणि महिनाअखेरीस पितृपक्ष लागला की काही घरांत बाहेरून आलेलं गोडधोड टाळतात. तेव्हा शुक्रवारी सकाळीच द्या. स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांचं लक्ष त्या दिवशी कोकणात जायच्या गाडीकडे असेल. बॉक्स दहाच्या आत पोचला तर मधल्या सुट्टीत संपेल. मागे मोजा: हलवा गुरुवारी व्हायला हवा, म्हणजे गहू सोमवारी भिजत घालायचे. रोज पाणी बदलणं, मग वाटणं, चीक गाळून निवळत ठेवणं, आणि शेवटी नारळाच्या दुधात साखर घालून तो आटवत तासन्‌तास ढवळणं, हे एकट्या सासूबाईंवर टाकू नका. मिश्रण पातेल्याची कड सोडून चकाकायला लागतं ना, त्याच्या आधीचा अर्धा तास हात भरून येतो. तेव्हा उलथनं यजमानांच्या हातात द्या. शाळेपुरता हलवा चायना ग्रासचा केला तरी बिघडत नाही, आज कितीतरी बेने इस्रायल घरांत तसाच होतो. सासूबाई नाक मुरडतील. मुरडू द्या.

चिठ्ठीबद्दल विचारलंत. छोटी ठेवा. पुढच्या बाजूला: 'रोश हशाना, आमच्या नव्या वर्षाचा हलवा. वर्षभर मुलांना सांभाळता, त्याबद्दल आभार.' खाली मुलांची नावं आणि इयत्ता. इंग्रजी माध्यमाची शाळा असली तरी मराठीतच लिहा, तुमच्या घरची भाषा तीच आहे. टीचर मराठी वाचत नसतील तर गोष्ट वेगळी. मागच्या बाजूला घटक: गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, रंग घातला असेल तर तोही. मग स्वच्छ लिहा: अंडं नाही, जिलेटिन नाही, दूध-तूप नाही. हे वाचून श्रावण-भाद्रपद पाळणारी बाई निर्धास्त होते, दुधाचं न चालणारीही होते, आणि ज्याला सुक्या मेव्याची किंवा गव्हाची ॲलर्जी आहे तो वेळीच थांबतो. स्टाफमध्ये जैन शिक्षिका असतील तर चायना ग्रास चालतं का, ते त्यांना विचारून घ्या; ते समुद्री शेवाळापासून होतं आणि काही जण घेत नाहीत. 'कृपया दोन दिवसांत खावे, फ्रिजमध्ये ठेवावे' ही ओळ विसरू नका. सणाचा इतिहास, शोफारचं, म्हणजे सणाला फुंकायच्या शिंगाचं, महत्त्व, ज्यूंचं कितवं वर्ष लागलं, यातलं काही चिठ्ठीत नको. ज्यांना हवं ते विचारतील. 'हा प्रसाद आहे का?' असंही कुणी विचारेल, तेव्हा बिनधास्त सांगा की नाही, सणाचा गोड पदार्थ आहे. काहींना ते ऐकूनच हात पुढे करता येतो.

तुम्ही पत्राच्या शेवटी पुरीमचंही विचारलंय. एकमेकांकडे खाद्यपदार्थ पाठवायचा दिवस खरं तर तोच, ज्यू धर्मग्रंथातल्या एस्तेरच्या ग्रंथातच तसं आहे, त्यामुळे मन तिकडे ओढ घेणार. पण ते देणं मुळात आपसातलं, आणि गरिबांना द्यायचं त्याच दिवशी वेगळं असतं. टीचरच्या दृष्टीने बघा. पुरीम बहुतेक होळीच्या आगेमागे येतो. तुमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी होते, आणि टीचरच्या घरीही त्याच दिवशी पुरण शिजत असतं. वर मार्च महिना, वार्षिक परीक्षा तोंडावर. त्या दिवसांत शिक्षकांकडे गेलेला कुठलाही डबा मार्कांच्या नजरेने बघितला जातो. शाळेपुरतं पुरीम राहू दे. हनुक्काला, नाताळाच्या सुमाराला येणाऱ्या तुमच्या दिव्यांच्या सणाला, हौस म्हणून काही तळण द्यायचं तर द्या, नाताळच्या केकांमध्ये कुणी तरी तिखट आणलं म्हणून स्टाफरूम दुवा देईल. पण बेने इस्रायल घरांत तो सण मागाहून आलेला. सासूबाई म्हणतील, हे कधीपासून?

मलिदा मात्र डब्यात घालून शाळेत पाठवू नका. ओले पोहे, ओलं खोबरं, कापलेली फळं, दोन तासांत त्याची रया जाते. आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, स्मरण करून, आशीर्वाद म्हणून तो ताटात मांडला जातो, तेव्हा त्याची जागा तुमच्या घरात. ज्या टीचरने रेसिपी मागितली तिला घरीच बोलवा, घरात काही चांगलं घडलं आणि मलिदा ठेवला की. असं एका घरचं बोलावणं मलाही आलं होतं. ताटाभोवती बसलेल्या आज्या हिब्रू प्रार्थना संपताच अस्सल अलिबागकडच्या मराठीत केळ्यांच्या भावावर घसरल्या, ते मी विसरलेले नाही.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ईदचा शीरखुर्मा, मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरच्या नाताळाच्या करंज्या, पतेतीची शेव, कुणाचंही असो, स्टाफरूमसाठी एक बॉक्स आणि मागे घटक लिहिलेली चिठ्ठी हे सगळ्यांना लागू पडतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आयांना उलटा प्रसंग येतो: मुलांची टीचर ज्यू, आणि यांना दिवाळीची चकली द्यायची असते. ती कोशर पाळत असेल तर तुमच्या स्वयंपाकघरातलं काहीच तिला चालणार नाही, चकली शंभर टक्के शाकाहारी असली तरी. त्यात मनाला लावून घ्यायचं काही नाही. कोशरची खूण असलेलं बंद पाकीट द्या, किंवा चांगली अख्खी फळं. आणि इस्रायलमध्ये अश्दोद-दिमोनाकडे स्थायिक झालेल्या बेने इस्रायल वाचकांना तर हे रोजचंच: तिथे सण सगळ्यांना माहीत, हलवा कुणालाच नाही, आणि घरी केलेलं शाळेत द्यायचं तर कोशरचा प्रश्न आधी उभा. त्यांनी शिक्षिकेला विचारूनच द्यावं.

शेवटी तुम्ही न विचारलेलं एक. यंदा योम किप्पुर, म्हणजे तुमचा प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस, सोमवारी, २१ सप्टेंबरला आहे. महाराष्ट्राच्या सरकारी सुट्ट्यांत तो नाही. त्या दिवशी शाळा भरली आणि घटक चाचणी लागली, तर मुलांचं काय? मुलगी बारा वर्षांची झाली असेल तर उपासही धरत असेल. दोन्ही मुलांच्या गैरहजेरीचा अर्ज आत्ताच लिहा, कारण स्पष्ट लिहा, आणि चाचणी असेल तर ती दुसऱ्या दिवशी घ्यावी अशी विनंती करा. टीचरना तुमच्या सणांची खरी गरजेची माहिती म्हणाल तर ती हीच. अर्ज पुढच्या आठवड्यातच ऑफिसात देऊन त्यावर पोच घ्या. ११ तारखेला हलव्याबरोबर देऊ नका. बॉक्सखाली अर्ज सरकवला की वड्यांचा हेतू बदलतो आणि अर्जाचाही.